आवक नाही, जावक नाही

१

बुधवारी सकाळी अकरा वाजता जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातली दोनशे चौदा रजिस्टरं मोजायला घेतली आणि दोनशे तेराच भरली. पुन्हा मोजली, तरी दोनशे तेरा. तिसऱ्यांदा रेकॉर्डकीपर नाना एकेक आकडा मोठ्याने मोजू लागले. तेव्हा दाराजवळच्या टेबलावरून आवकबाई चष्मा सावरत उठल्या.

त्यांना आवकबाई म्हणत ते उगाच नाही. एकतीस वर्षं त्या त्याच टेबलावर होत्या. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद, प्रत्येक खोकं, प्रत्येक पंखा आधी त्यांच्या आवक रजिस्टरात उतरायचा आणि मगच आत जायचा. बाहेर जाणारं सगळं जावक रजिस्टरात. नवीन कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यालाही त्यांनी उंबऱ्यावर थांबवून क्रमांक दिला होता. आता नोंदी कॉम्प्युटरमध्येही कराव्या लागत आणि स्क्रीन इतकी खाली होती, की चार महिन्यांत त्यांच्या मानेने संप पुकारला. स्क्रीनखाली ठेवायला स्टँड मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. वरच्या कार्यालयाने उत्तर धाडलं, की सदर वस्तू कोणत्याही कार्यालयात कोणासही मंजूर नाही. ते उत्तरही त्यांनी मान चोळत आवकीत घेतलं.

"कुठलं नाही?" त्यांनी विचारलं.

"एकशे बारा." नाना शिडीच्या पायरीवर बसले. "पुराच्या सालाचं, बाई. दोन वर्षांचं एकात बांधलेलं."

मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. नऊ महिन्यांपूर्वी आलेल्या या मॅडम चांगल्या उंच, चालायला भरभर आणि बोलायला त्याहून भरभर. आल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं, की दाखल्यासाठी लोकांना या दारात उभं करायचं नाही, घरबसल्या मिळाला पाहिजे. जुनी रजिस्टरं स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि मूळ प्रती मोठ्या भांडारात सुरक्षित ठेवायच्या, हा त्यांचा ध्यास होता. भांडाराची गाडी शुक्रवारी दुपारी यायची होती.

मॅडमनी आपल्या फोनवर यादी उघडली. "एकशे बारापुढे हिरवी खूण आहे. तीन महिन्यांपूर्वी स्कॅन पूर्ण. म्हणजे तेव्हा रजिस्टर होतं. त्यानंतर खोलीची किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," नाना म्हणाले.

सगळ्यांना आठवत होतं, की याच नानांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, माझ्या हयातीत एक रजिस्टर या खोलीबाहेर जाऊ देणार नाही.

"शुक्रवारी पाचपर्यंत सापडलं नाही, तर मला चौकशी लावावी लागेल, नाना. माझाही नाइलाज आहे."

शुक्रवार हा नानांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. एकोणचाळीस वर्षं ज्या माणसाने एका पानाचा कोपरा दुमडू दिला नाही, तो निरोपाच्या दिवशी चोराचा शिक्का घेऊन घरी जाणार होता.

"दोन दिवस मला द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "माझ्या जावकीत एकशे बारा गेल्याची नोंद नाही. जे गेलं नाही, ते इथेच असणार."

२

आवकबाईंनी नानांना आधी चहा दिला आणि मग सरळ विचारलं. "नाना, तुम्ही लपवलंत का?"

नाना दुखावले, पण रागावले नाहीत. "लपवायचीच असती तर दोनशे चौदा लपवली असती. एक लपवून काय त्याचं लोणचं घालू?"

हे आवकबाईंना पटलं.

रेकॉर्डच्या खोलीला एक शिस्त होती आणि ती नानांनी लावलेली होती. रजिस्टर काढलं, की त्याच्या जागी तेवढ्याच उंचीचा लाल पुठ्ठा उभा करायचा. कण्यावर रजिस्टरचा नंबर, पोटात कुठे नेलं आणि कधी नेलं. पुठ्ठा ठेवल्याशिवाय साहेब असो की शिपाई, कुणी रजिस्टर हलवायचं नाही. नवा माणूस आला, की नाना त्याला आधी पुठ्ठा दाखवत आणि मग संडास.

"पण एकशे बाराच्या जागी पुठ्ठाही नाही," आवकबाई म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणतो, चोरी आहे. आपल्यातलं कुणी पुठ्ठ्याशिवाय नेणार नाही."

"तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत ते?"

नाना घुटमळले. "डोळ्याचं ऑपरेशन झालं ना माझं, मॅडम आल्या त्याच सुमारास. पंधरा दिवस घरी होतो. नंतर डॉक्टरांनी शिडी बंद केली. एकशे बारा सगळ्यात वरच्या फळीवर. खालून बघायचो, सगळं जागच्या जागी दिसायचं. एखाद-दुसरा लाल पुठ्ठा होता वर, पण तो तर नेहमीच असतो." ते थोडे थांबले. "आणि ते काय लपवायचं रजिस्टर आहे का? आपल्याकडचं सगळ्यात जाड. उशाला घेतलं तर मान मोडेल माणसाची."

मानेचं नाव निघताच आवकबाईंचा हात आपोआप मानेकडे गेला.

जिना झाडणाऱ्या सफाईच्या मावशी तेवढ्यात आत डोकावल्या. मावशी म्हणजे कार्यालयाची आई. कुणाची नजर पडण्याआधी त्यांचं फडकं पडायचं.

"मला विचाराल तर मी कुठल्या वहीला हात लावत नाही हो," त्या म्हणाल्या. "मी आपली टेबलं पुसते. मॅडम आल्या तेव्हा जुन्या पडद्याचं कापड उरलं होतं, त्याची केबिनमध्ये सगळ्यांना झबली शिवली. फोनला, प्रिंटरला, कॉम्प्युटरच्या पाटाला. धूळ बसत नाही मग. नाना, तुम्ही जेवलात का?"

"भूक नाही, मावशी."

"पुराच्या साली जन्मले मी. आईने सांगितलंय, छपरावर बसून दोन दिवस उपाशी राहिली ती. पण त्यानंतर या घरात कुणी उपाशी राहिलेलं मला चालत नाही." आणि त्यांनी आपला डबा नानांपुढे उघडला.

नानांनी दोन घास खाल्ले. आवकबाई मात्र उठल्या. हिरवी खूण कुणी दिली, ते त्यांना बघायचं होतं.

३

स्कॅनचं काम ठेकेदाराकडून आलेली एक बाई करायची. दोन मुलांची आई, बोटं विजेसारखी, आणि दिवसभर कानात मशीनची घरघर. सगळे तिला स्कॅनवाली म्हणत. ती आवकबाईंना येताना पाहून उभी राहिली, तेव्हाच आवकबाईंना कळलं की इथे पाणी मुरतंय.

"बस बाई. मला फक्त एकशे बारा उघडून दाखव."

"हिरवी खूण आहे ना, बाई."

"खूण पाहिली. आता रजिस्टर दाखव."

दोनशे चौदा रजिस्टरांची लाखभर पानं होती. ती सगळी उघडून कोण बघणार? रोज सकाळी मॅडम खुणा मोजायच्या आणि वरच्या कार्यालयाला कळवायच्या. रजिस्टर उघडायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

स्कॅनवालीने बटण दाबलं. एकशे अकराची पानं होती चारशे सहा. एकशे तेराची तीनशे नव्वद. एकशे बारा उघडलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा आला.

पान एक. एकूण पानं एक.

आणि त्या पानावर होता लाल पुठ्ठा.

४

स्कॅनवाली रडली नाही, पण तिचा चेहरा तसा झाला.

"यादीत गॅप चालत नव्हता, बाई. एकशे बाराला काही टाकल्याशिवाय मशीन एकशे तेरा घेतच नव्हतं. फळीवरून जे खाली आलं, त्यात हा पुठ्ठा होता. कण्यावर एकशे बारा लिहिलेलं. म्हटलं, आत्ता हा टाकते, मग विचारते. मागे रजिस्टरांची रांग लागली होती. नंतर रोज नवे शंभर प्रश्न. आणि खूण हिरवी झाली होती."

"पुठ्ठा कुठे गेला?"

"रद्दीच्या खोक्यात गेला असेल."

म्हणजे नेणाऱ्याने पुठ्ठाच ठेवला नाही, हा नानांचा तर्क कोसळला. रजिस्टर नेणाऱ्याने शिस्त पाळली होती. आणि स्कॅनच्या दिवशी ते रजिस्टर फळीवर नव्हतंच. नानांवरचा आरोप अर्धा तिथेच गळून पडला.

आवकबाईंनी स्क्रीनवर नाक टेकवून पुठ्ठ्यावरचं अक्षर वाचलं. अक्षर नानांचं नव्हतं. तारीख नऊ महिन्यांपूर्वीची. खाली लिहिलं होतं, साहेबांची केबिन.

ती तारीख आवकबाईंना तोंडपाठ होती. सकाळी जुने साहेब बदलीवर गेले, दुपारी मॅडम रुजू झाल्या. नाना डोळ्याला पट्टी बांधून घरी, रेकॉर्डच्या खोलीची किल्ली कार्यालयात खिळ्यावर. नेहमीचा शिपाई रजेवर, त्याच्या जागी आठ दिवसांसाठी एक बदली शिपाई आलेला. पुढे तो कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं.

मॅडमनी ते ऐकलं आणि केबिनची कपाटं स्वतः उघडली. खण उपसले, सोफा सरकवला. रजिस्टर नाही. मग त्यांनी स्कॅनवालीकडे पाहिलं.

"हे मला तीन महिन्यांत कुणी सांगितलं का नाही?"

उत्तर आवकबाईंनी दिलं, आणि ते त्यांना जड गेलं, कारण मॅडम त्यांना मनापासून आवडायच्या. "तुम्ही रोज सकाळी विचारायचात, किती झाले. काय अडलं, ते एकदाही विचारलं नाहीत."

मॅडम खुर्चीत बसल्या. फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"लोकांना हेलपाटे पडू नयेत एवढंच मला हवं होतं, बाई. माझ्या वडिलांनी एका दाखल्यासाठी सात फेऱ्या मारल्या होत्या." मग त्या म्हणाल्या, "गाडीतून सगळं गेलं असतं, तर पुराच्या दोन वर्षांतली माणसं आपल्याकडे जन्मलीच नसती."

आता संशय एकावरच. जुने साहेब त्या सकाळी तीन खोकी घेऊन गेले होते. आवकबाईंनी त्यांना फोन लावला.

"एकशे बारा? मी?" जुने साहेब खो खो हसले. "आवकबाई, तुम्ही मला दारात अडवून तिन्ही खोकी उघडायला लावली होती. माझी बायको खाली रिक्षात ताटकळत होती. विसरलात? बघा तुमची जावक."

त्यांनी जावक बघितली. त्यांच्याच अक्षरात होतं. कप सहा, कुंड्या दोन, जुन्या चपला एक जोड, खाजगी पुस्तकं अकरा, त्यांची नावं. पुराच्या सालाचं रजिस्टर कुठेच नव्हतं.

केबिनमध्ये गेलं आणि केबिनमधून निघालं नाही. आणि केबिनमध्ये नाही. गुरुवारचे पाच वाजले.

५

संध्याकाळी घरी नवऱ्याने त्यांच्या मानेला मलम चोळलं. तो शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळे चोळतानाही शिकवायचा.

"मान खाली घालून काम करणारी बायको मागितली होती मी. देवाने जरा जास्तच मनावर घेतलं."

"गप्प बसा. नानांची उद्या शोभा होणार आहे आणि मला काही सुचत नाही. सगळं लिहिलंय माझ्याकडे. काय आलं, काय गेलं."

"एकतीस वर्षं लिहितेस. कधी वाचलंस का बसून?"

आवकबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि कळ आली म्हणून परत सरळ केली.

शुक्रवारी त्या तासभर आधी कार्यालयात गेल्या. जावक आधीच पाहून झाली होती. आज त्यांनी आवक उघडली, मॅडम रुजू झाल्या त्या आठवड्यापासून कालपर्यंत. ओळीवर बोट ठेवत त्या वाचत गेल्या. स्क्रीन एक, साहेबांच्या केबिनसाठी. कळफलक एक. माउस एक. वायरी चार. प्रिंटर. फोन. एकेका वस्तूला टीक करत त्या केबिनमध्ये डोळ्यांनी फिरत होत्या, आणि एका जागी त्यांचं बोट अडलं. मागे गेलं, पुढे गेलं. नऊ महिने दोनदा वाचले.

दुपारी भांडाराची गाडी आली. नानांनी नवा सदरा घातला होता आणि कुणाशी बोलत नव्हते. कागदोपत्री रेकॉर्डची जबाबदारी नानांचीच, म्हणून मॅडमच्या टेबलावर त्यांच्या नावाचं चौकशीचं पत्र छापून पडलं होतं, त्यावर सही तेवढी नव्हती. नाना, स्कॅनवाली, मावशी, सगळे केबिनमध्ये जमले.

आवकबाई आत आल्या आणि त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

"मॅडम, तुमची मान दुखते का?"

६

"नाही," मॅडम गोंधळून म्हणाल्या.

"माझी दुखते. स्कॅनवालीची दुखते. पलीकडच्या तिघांची दुखते. सगळ्या स्क्रीन एकाच मापाच्या, टेबलंही एकाच मापाची. तुम्ही तर आमच्याहून वीतभर उंच. तुमची सगळ्यांत आधी दुखायला हवी."

"माझी स्क्रीन उंच आहे. खाली स्टँड आहे ना."

"मावशी, तुम्ही परवा म्हणालात, कशाकशाला झबली शिवली?"

"फोनला, प्रिंटरला, कॉम्प्युटरच्या पाटाला."

"पाट," आवकबाई म्हणाल्या आणि आवक रजिस्टर मॅडमसमोर ठेवलं. "मी स्टँड मागितला, तेव्हा वरून उत्तर आलं की कोणत्याही कार्यालयात कोणासही मंजूर नाही. आज सकाळी नऊ महिन्यांची आवक वाचली. स्क्रीन आली, वायरी आल्या, पाट आलेला नाही. या दारातून माझ्या नोंदीशिवाय टाचणी आत येत नाही. मग हा पाट आला कुठून? जे आलं नाही आणि तरी आहे, ते आधीपासून इथेच होतं. आणि जे गेलं नाही आणि तरी दिसत नाही, तेही इथेच आहे. न आलेली वस्तू एक, न गेलेली वस्तू एक. मला वाटतं, त्या दोन नाहीत. आल्या दिवशी तुम्ही कुणाला काही सांगितलं होतंत का, मॅडम?"

मॅडमचा चेहरा हळूहळू पांढरा झाला, मग लाल.

"बदली शिपायाला. म्हटलं, स्क्रीन फार खाली आहे, काहीतरी जाडसं ठेवा. आणि मीटिंगला गेले. दुसऱ्या दिवशी उंच झालेली होती. मी मागे वळून विचारलंच नाही."

"त्याने नानांची शिस्त पाळली. पुठ्ठा ठेवला, तारीख घातली. मळू नये म्हणून कागदही चढवला असेल."

मॅडमनी कुणाला हात लावू दिला नाही. स्क्रीन स्वतः उचलून बाजूला ठेवली. पडद्याच्या कापडाचं झबलं काढलं. आत खाकी कागद, नीट दुमडून चिकटवलेला. तो सोडवला आणि आतून निघाला कापडी कणा, त्यावर नानांच्या तरुणपणच्या अक्षरात एकशे बारा. गेले नऊ महिने कार्यालयातला सगळ्यात नवा कॉम्प्युटर त्याच्यावर उभा होता.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "मी रोज त्यालाच पुसत होते."

नाना पुढे आले. त्यांनी रजिस्टर उघडलं नाही, नुसता तळहात ठेवला, आणि त्यांच्या ऑपरेशन केलेल्या डोळ्यातून पाणी आलं. न केलेल्यातूनही आलं.

मॅडमनी चौकशीचं पत्र उचललं, चार तुकडे केले. मग म्हणाल्या, "नाना, एक लाल पुठ्ठा मिळेल?"

नानांनी आणून दिला. मॅडमनी उभ्यानेच लिहिलं. रजिस्टर एकशे बारा. कुठे होतं, माझ्या टेबलावर. किती दिवस, नऊ महिने. आरोप कुणावर केला, नानांवर. चूक कुणाची, माझी. खाली सही केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. "हा रद्दीत जाणार नाही. इथे भिंतीवर राहील. आणि उद्यापासून किती झाले ते मी शेवटी विचारीन. आधी काय अडलं ते सांगायचं."

स्कॅनवालीने डोळे पुसले आणि मशीन सुरू केलं. गाडी दोन तास थांबवली. नाना पान उलटत, ती स्कॅन करत होती. ज्या मशीनला नानांनी सहा महिने पाठ दाखवली, त्याच्याशी ते शेवटच्या दिवशी खांद्याला खांदा लावून बसले होते.

मावशी दारात रेंगाळल्या. "नाना, त्यात मी असेन का?"

नानांनी मावशींच्या आईबापांची नावं विचारली आणि बोट फिरवत गेले. एकशे ऐंशीव्या पानावर थांबले. पुराचं पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी केलेली नोंद. आईचं नाव होतं, बापाचं होतं. बाळाच्या नावाची जागा मोकळी, पुढे फक्त लिहिलं होतं, मुलगी. सुखरूप.

मावशींनी फडक्याने ते पान पुसलं, एकदाच आणि फार हलक्या हाताने.

पुढच्या आठवड्यात सोमवारी नाना दाराशी उभे होते. बरोबर हातगाडी. रेकॉर्डच्या खोलीतल्या मोडीत निघालेल्या फळ्या त्यांनी मॅडमच्या लेखी परवानगीने नेल्या होत्या. जावकीत नोंद होती. आता त्यांचे पाट होऊन आले होते. रंधा मारलेले, कडा घासलेले, प्रत्येक टेबलाला एक.

"आत घेऊ का, बाई?"

"थांबा," आवकबाई म्हणाल्या. "असे कसे आत याल?"

त्यांनी आवक रजिस्टर उघडलं. क्रमांक घातला, तारीख घातली. वस्तू, लाकडी पाट, सहा. कोणाकडून, नाना. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. एकतीस वर्षांत त्यांनी तो कधी भरला नव्हता. आज थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, मान ताठ राहावी म्हणून.